पंपखोलीच्या दारावरची ओळ

बेनेदिता लोपीस यांचा मृत्यू सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, वसईजवळच्या वटारमधल्या राहत्या घरी झाला. वय एकोणऐंशी. हृदयक्रिया बंद पडल्याने, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. त्या वेळी घरात दुसरे कोणी नव्हते. नऊच्या सुमारास दूध घेऊन आलेले त्यांचे चुलत भाऊ ग्रेगरी यांना त्या ओटीवरच्या खुर्चीत बसलेल्या आढळल्या. चष्मा डोळ्यांवर होता. पावणेदहाला ग्रेगरींचा मला फोन आला. "सावंत, बेनेदिता गेली. चारला दफन." मी 'येतो' म्हणालो. फोन ठेवल्यावर पाहिले, समोरच्या कागदावर मी वेळ, ठिकाण आणि वय लिहून ठेवले होते. बातमी कोणाची आहे याचा विचार त्यानंतर काही वेळाने आला... आणि आला तेव्हाही फारसे काही वाटले नाही. पुढचे बरेच दिवस ते तसेच राहिले.

गावात त्यांना सगळे बाई म्हणत. गावच्या मराठी शाळेत त्यांनी छत्तीस वर्षे शिकवले. लग्न केले नाही. धाकटा भाऊ पास्कल, तोही अविवाहित, आणि त्या, असे दोघेच वडिलांच्या घरात राहत. पास्कल वाडी पाहत असे. केळी, थोडा पानमळा, कडेला सोनचाफ्याची झाडे. नऊ वर्षांपूर्वी, नाताळ तीन आठवड्यांवर आलेला असताना, पास्कलचा विहिरीजवळ खून झाला. डोक्यात पाठीमागून पाइप पान्याचा घाव घातलेला होता. तो पाना दामोदर नावाच्या पंपमेकॅनिकचा होता. दामोदर चांदीप गावचा. या पट्ट्यातल्या मोटारी तो पंधरा वर्षे दुरुस्त करत आला होता. चौथ्या दिवशी त्याला अटक झाली, अडीच वर्षांनी जन्मठेप झाली. तो तुरुंगात आहे. उच्च न्यायालयातले त्याचे अपील प्रलंबित आहे.

बाईंची माझी ओळख त्या खुनामुळे झाली, आणि चांगली झाली नाही. खून उघडकीला आला त्या सकाळी मी बातमीदार म्हणून तिथे पोहोचलो, पाच-सहा फोटो काढले, पोलिसांशी बोललो आणि बातमी दिली. 'पूर्ववैमनस्यातून वटारमध्ये शेतकऱ्याचा खून' असे तिचे शीर्षक होते. दहा-बारा दिवसांनी बाईंनी कार्यालयात फोन केला आणि माझे नाव विचारून मला घरी बोलावले. मला वाटले, त्यांना आणखी काही सांगायचे असेल. ओटीवर बसवून त्यांनी तो अंक पुढे ठेवला. 'पूर्ववैमनस्यातून' या शब्दाखाली लाल रेघ होती.

"हा शब्द तुम्हाला कोणी दिला?"

"पोलिसांनी सांगितलं."

"त्यांनी वैमनस्य सांगितलं. पूर्व तुम्ही लावलंत?"

मी ते शीर्षक पुन्हा वाचले.

"महिन्यात तिसऱ्यांदा मोटार बिघडली म्हणून पास्कल त्याला बोलला. एवढंच. दामू आमच्याकडे जेवून जायचा. पास्कल बोलला म्हणून वैमनस्य होत असतं, तर माझं आणि त्याचं जन्मापासूनचं पूर्ववैमनस्य निघालं असतं. चहात साखर घेता ना?"

तेव्हापासून मी जात राहिलो. आधी बातमीसाठी, खटला संपल्यावर कशासाठी ते मला सांगता येणार नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एक फेरी. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती. मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे जे त्यांनी स्वतः पाहिले किंवा कागदावर वाचले ते, उजवीकडे लोकांनी सांगितलेले. प्रत्येक संशयितासाठी वेगळे पान. दामोदरच्या पानावर डावीकडे तीन गोष्टी होत्या. पाना त्याचा. पावणेसहाच्या सुमारास शेजारणीने विहिरीवर त्याचा आणि पास्कलचा चढा आवाज ऐकला. त्यानंतर पास्कलला जिवंत पाहिलेला कोणी न्यायालयापुढे आला नाही. न्यायालयाने शिक्षा दिली ती या तीन गोष्टींवर. बाई म्हणत, "निकाल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर जेवढं होतं, त्यात तो बरोबर आहे. समोर काय नव्हतं, ते मी बघते आहे."

दामोदरचे म्हणणे असे होते की मोटार सुरू करून देऊन तो सहाच्या आत निघाला, पाना घाईत तिथेच राहिला आणि महामार्गाच्या फाट्यावर गाडी पंक्चर झाली तेव्हा नुकते दिवे लागले होते. पंक्चरवाल्याने पोलिसांना तसे सांगितलेही. पण वेळ विचारल्यावर तो 'अंधेरा हो रहा था' यापुढे गेला नाही आणि खटला उभा राहिला तेव्हा तो दुकान सोडून गावी निघून गेला होता. समन्स परत आले. पान्यावर कोणाच्याही बोटांचे ठसे मिळाले नाहीत, कारण पोलीस येण्याआधी तो दोघातिघांच्या हातांतून फिरला होता. पास्कलचा मोबाइल जप्त झाला होता. दुसऱ्या पावसाळ्यात मुद्देमालाच्या खोलीत पाणी शिरले आणि तो निकामी झाला. त्यात त्या संध्याकाळचे काही होते की नव्हते, हे आता कळण्याची सोय नाही.

दुसरे पान जमिनीच्या एजंटाचे होते. त्याला रस्त्याकडचा तुकडा बंगल्यांसाठी हवा होता, पास्कल सही देत नव्हता आणि दोन माणसांदेखत तो 'बघून घेईन' म्हणाला होता. त्या दिवसांत अर्धे गाव त्याचेच नाव घेत होते. मीही काही काळ त्याच्या मागे होतो. त्या संध्याकाळी तो वसईत एका साखरपुड्यात होता, तसे फोटो होते, पण फोटोंवरून तो तिथे किती वाजता आला हे ठरत नव्हते. बाईंनी मात्र ते पान लवकर मिटले. "त्याला सही पाहिजे होती ना? मेलेला माणूस सही करत नाही. उलट पास्कल गेल्यावर माझी लागणार आणि मी त्याच्याहून वाईट. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. चौथीत माझ्याच वर्गात होता."

तिसरे पान तारचोरांचे. त्या हिवाळ्यात पट्ट्यातल्या मोटारी खोलून आतली तांब्याची तार काढून नेण्याचे प्रकार चालू होते. दामोदरच्या वकिलाने न्यायालयात यावरच भर दिला. पण पास्कलची मोटार कोणी उघडलेली नव्हती. चोरांना तो आडवा आला आणि ते घाबरून पळाले, असे म्हणता येते. बाईंनी उजवीकडे ते लिहिलेही होते. डावीकडे त्यांची स्वतःची एकच ओळ होती : 'चोर हत्यार घेऊन येतो. तिथे पडलेले शोधत बसत नाही.'

चौथ्या पानावर फक्त नाव होते. ग्रेगरी. खाली दोन्ही बाजू कोऱ्या. हे पान त्यांनी मला एकदाच दाखवले.

इथे विहिरीच्या पाळीविषयी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. ती विहीर लोपीसांच्या चार घरांची सामाईक आहे. वडील गेल्यावर पाण्यावरून चुलत भावांत भांडणे झाली, एकदा फावडी उचलण्यापर्यंत गेले, तेव्हा बाईंनी एक रीत घालून दिली. पंपखोलीच्या दाराला आतून काळा रंग लावून घेतला. ज्याची पाळी असेल त्याने मोटार सुरू करताना खडूने आपले नाव आणि वेळ लिहायची, बंद करताना त्याच ओळीत पुढे वेळ लिहायची. खडू शाळेतून यायचे. महिनाअखेरीस बाई ओले फडके घेऊन दार स्वतः पुसत, म्हणजे पुढच्या महिन्याला जागा होई. आजूबाजूच्या वाड्यांत याची थट्टा चाले. 'लोपीसांच्या विहिरीला मास्तरीण आहे, उशिरा आलात तर अंगठे धरून उभं करते,' असे म्हणत. पण भांडणे थांबली. पंचवीसहून अधिक वर्षे ती रीत पाळली गेली. त्या दिवशी पाच ते साडेसात पास्कलची पाळी होती, साडेसातनंतर ग्रेगरींची.

पास्कल उशिरा जेवत असे. बाईंनी त्याचे ताट झाकून ठेवले, रोझरीची प्रार्थना केली आणि सर्दीचे औषध घेऊन त्या झोपल्या. सकाळी ताट तसेच होते. त्या विहिरीवर गेल्या. हौदाच्या मागे तो पडलेला होता. मोटार बंद होती. पोलीस आले, पंचनामा झाला, शव तपासणीसाठी नेले. दुपार झाली. चारही घरांच्या बागा पाण्यावाचून होत्या आणि दुसऱ्या दिवशी पास्कलला घरी आणायचे होते, त्याआधी फादर प्रार्थनेला येणार होते. ज्या दगडावर सगळे पाणी भरतात तिथे माणसाचे रक्त तसेच ठेवत नाहीत, त्याला कोणाचा पाय लागू देत नाहीत. आळीतल्या बायका बादल्या घेऊन आल्या. एका हवालदाराला विचारले, तो म्हणाला, "आमचं आटोपलं, मारा पाणी." बायकांनी विहिरीचा काठ धुतला, हौदाची भिंत धुतली. बाईंनी फडके घेतले आणि पंपखोलीचे दार पुसले. महिना संपायला बरेच दिवस होते.

"खाली दोन डाग होते," त्यांनी मला सांगितले. "ते पुसायला वाकले. पुसता पुसता हात वर गेला... खडू दिसला की माझा हात वर जातो. सगळं दार पुसून झालं, फडकं पिळलं, बादली ओतली. मग कुणीतरी म्हणालं, बाई आता बसा. मी बसले."

हे त्यांच्या लक्षात आले आठ महिन्यांनी. एका सकाळी ग्रेगरींची सून दारावर वेळ लिहीत होती आणि बाई मागे उभ्या होत्या. त्या संध्याकाळच्या ओळीत पास्कलचे नाव आणि सुरू केल्याची वेळ असणारच. पण बंद केल्याची वेळ होती का? ती पास्कलच्या अक्षरात असेल, तर साडेसातला तो जिवंत होता आणि साडेसातला दामोदर फाट्याच्या पुढे कितीतरी लांब गेला होता. ती नसेल, तर मोटार दुसऱ्याच कोणीतरी बंद केली. पंचनाम्यात दाराचा उल्लेख 'लाकडी, एक झडप' एवढाच आहे. पोलिसांच्या फोटोंत दार आतल्या बाजूला उघडलेले आहे, लिहिलेली बाजू दिसत नाही. दारावर आतून काय असते हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि चारही घरांतल्या कोणालाही ते सांगण्यासारखे वाटले नाही. रोजचे होते ते.

बाईंनी हे कोणापासून लपवले नाही. खटल्यात दामोदरच्या वकिलाने बाईंना उलटतपासणीत हा प्रश्न विचारला. मी त्या दिवशी वसईच्या न्यायालयात हजर होतो. बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पर्स दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. दार कोणी पुसले? मी पुसले. त्यावर बंद केल्याची वेळ होती का? बाई थांबल्या. न्यायालयात शांतता असते असे आपण लिहितो, प्रत्यक्षात पंख्याचा आवाज, फायलींचा आवाज, बाहेर पुकारा, हे सगळे चालू होते. त्या म्हणाल्या, "मला आठवत नाही." आरोपीच्या जागेवरून दामोदर मोठ्याने म्हणाला, "बाई, आठवा ना. तुमाना सगल्याचा आठवते." त्याला गप्प करण्यात आले.

त्यांनी मला एकदा विचारले, "त्या सकाळी तुम्ही फोटो काढले होते ना?" काढले होते. तो फोन मी दीड वर्षाने बदलला, जुन्यातले काही नव्यात आणले, हे आणले नाहीत. कार्यालयात पाठवलेला एकच फोटो छापला गेला होता, तोही कापून. मूळ कोणाकडे नव्हता. मी छापील अंक शोधून नेला. विहिरीचा काठ, दोन पोलीस आणि उजव्या कडेला दाराची नखाएवढी पट्टी. बाईंनी भिंग घेऊन तो बराच वेळ पाहिला. भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "पोलिसांच्या टोप्या छान आल्यात." मग मला आतून नेवऱ्यांचा, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांचा, डबा आणून दिला. त्या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. मीही काढला नाही.

शिक्षा झाल्यावर काही महिन्यांनी बाई दामोदरच्या बायकोला, सुनंदाला, भेटायला चांदीपला गेल्या. रिक्षा मी ठरवून दिली होती, सोबत गेलो. सुनंदा अंगणात भात वाळत घालत होती. तिने आम्हाला पाहिले आणि काम थांबवले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "उन्हात कशाला उभ्या? बसा. पानी देते." पाणी दिले. "माजा मानूस तुमच्या भावाला मारील, असा तुमाना वाटते?"

"मला माहीत नाही, सुनंदा."

"मंग कशाला आलात?"

"माहीत नाही ते सांगायलाच आले."

सुनंदा हसली. चांगले हसू नव्हते ते. "सगले माहीत हाय म्हनून सांगत येतात. तुमी पयल्या," असे म्हणून ती चहा करायला आत गेली. त्यानंतर बाई वर्षातून दोनदा तरी चांदीपला जात. सुनंदाही कधी नव्या तांदळाची पिशवी घेऊन वटारला येई. दोघींत काय बोलणे होई ते मला माहीत नाही.

ग्रेगरींविषयी मी बाईंना एकदा सरळ विचारले होते. साडेसातनंतर पाळी त्यांची होती. वाटेवरून आणि पाण्यावरून पास्कलशी त्यांचा जुना वाद होता. त्या संध्याकाळी आपण विहिरीवर गेलोच नाही, नाताळच्या गाण्यांच्या सरावाला चर्चमध्ये गेलो, पाळी सोडून दिली, असा त्यांचा जबाब होता. सरावाला ते आले होते याला बरेच साक्षीदार होते. कधी आले याबद्दल एकमत नव्हते, कोणी पावणेआठ म्हणाले, कोणी आठ वाजून गेल्यावर. बाई म्हणाल्या, "ग्रेगरी तापट आहे. पण त्याचा राग संध्याकाळपर्यंत टिकत नाही. वाद झाला होता पावसाच्या आधी."

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"नाही."

"का?"

"तो काहीही म्हणाला, तरी उद्या सकाळी दूध त्याच्याकडूनच येणार ना." मग म्हणाल्या, "आणि चहा तो इथेच पिणार."

गेल्या वर्षी अपिलाचे काम एका तरुण वकील मुलीकडे आले. तिने कागद वाचले, दाराची साक्ष वाचली आणि वटारला आली. नवा पुरावा अपिलात घेता येतो, त्यासाठी अर्ज करू, तुमचे प्रतिज्ञापत्र लागेल, असे तिने बाईंना सांगितले. मधल्या वर्षांत आणखी काही आठवले का, असे विचारले. बाई म्हणाल्या की काही दिवस त्यांना ती ओळ स्पष्ट दिसते, दोन वेळा, पुढची पास्कलच्या अक्षरातली, त्याचा सात हा एकासारखा दिसायचा, तसाच. आणि काही दिवस एकच वेळ दिसते. वकील मुलीने यातला पहिला भाग घेऊन मसुदा केला. 'त्या ओळीत मोटार बंद केल्याची वेळ माझ्या भावाच्या हस्ताक्षरात लिहिलेली मी पाहिली होती.' तिने फसवणूक केली असे मी म्हणणार नाही. बाईंनी जे सांगितले, त्यातलेच ते अर्धे होते.

मसुदा दोन आठवडे बाईंकडे होता. सहीसाठी वसईला जायच्या दिवशी सुनंदाही आली. न्यायालयाजवळच्या नोटरीच्या टेबलापाशी आम्ही चौघे उभे होतो. बाईंनी पर्समधून पेन काढले, ते वाक्य खोडले आणि बाजूच्या मोकळ्या जागेत शाळेतल्या अक्षरात लिहिले : 'दार मी पुसले. त्यावर त्या संध्याकाळची ओळ होती. तीत एक वेळ होती की दोन, हे मी सांगू शकत नाही.' वकील मुलगी म्हणाली, "बाई, याचा उपयोग फार कमी आहे. तपास नीट झाला नाही, एवढंच यातून दिसेल."

"तेवढं दिसू दे."

सुनंदाला वाचता येते, हळू येते. तिने कागद हातात घेतला, बोट ठेवून वाचला. "बाई, ती दुसरी येल लिवली असती तर तुमचा काय गेला असता?"

बाईंनी पेनाला टोपण लावले.

"तुमचा भाव तर येत नाय परत. माजा मानूस आला असता. पन्नाशी उलटली त्याची. यवढा माज्यासाठी करा. तुमाना कोन खोटा म्हननार? कोनी नाय म्हननार."

"म्हणूनच गं," बाई म्हणाल्या. मग, "एकदा पुसलं ते मी. आता लिहायचं पण मीच?"

सुनंदाने कागद टेबलावर ठेवला आणि ती बसस्टँडच्या दिशेने चालू लागली. कागद पुन्हा टाइप झाला, बाईंनी सही केली, नोटरीने शिक्का मारला. परतताना रिक्षात बाई पूर्ण वेळ बाहेर पाहत होत्या. घर आल्यावर म्हणाल्या, "तांदळाची पिशवी आता येणार नाही." ती आली नाही. ही माझी त्यांची शेवटून दुसरी भेट. शेवटच्या भेटीत आम्ही केळीच्या भावाबद्दल आणि गावातल्या नव्या नळजोडणीबद्दल बोललो. तीत नोंद करण्यासारखे काही नाही.

दफनाला चर्च भरले होते. त्यांचे विद्यार्थी साठ वर्षांचेही होते आणि तिशीतलेही. सुनंदा आली होती. सिमेंटच्या वाटेवर, फुलांच्या हारांच्या मागे, चपला हातात घेऊन उभी होती. मूठभर माती टाकून ती कोणाशी न बोलता गेली. मी तिच्याकडे जायला हवे होते. गेलो नाही.

मृत्यूला महिना झाल्यावर चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली, त्यानंतर ग्रेगरींनी मला घरी बोलावले. बाईंची खोली आवरायची होती, कागदपत्रे पाहायला कोणी हवे होते. खोलीत फारसे सामान नव्हते. पलंग, कपाट, येशूची तसबीर, खिडकीशी टेबल. टेबलावर ती वही आणि प्रतिज्ञापत्राची प्रत. खडूचा एक न फोडलेला खोका होता, ग्रेगरींनी तो सुनेकडे दिला. त्यांनी प्रत आधीच वाचली होती हे कागद दुमडलेल्या पद्धतीवरून कळत होते. ते पलंगाच्या कडेला बसले. त्यांचे वय आता सत्त्याहत्तर आहे.

"दोन वेळा नव्हत्या," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिले.

"सरावाला निघालो होतो. पावणेआठ झाले असतील. मोटार चालूच होती. माझी पाळी लागून पंधरा मिनिटं झालेली. मला वाटलं, नेहमीप्रमाणे चालू ठेवून घरात चहाला गेलाय. डोकं फिरलं माझं. आत जाऊन बटण बंद केलं. दोन हाका मारल्या. पास्कल, पाळी संपली रे तुझी, म्हटलं. मग गेलो. उशीर झाला होता." मग म्हणाले, "हौदाच्या मागं कोण बघतो?"

"हे आधी का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर दामूच्या जागी मी असतो, साहेब. हे तुम्हाला कळत नाही?"

"बाईंना तरी."

"तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं. नऊ वर्षं रोज चहा प्यायलो तिच्यासमोर. तिनं विचारलं नाही." त्यांनी वहीकडे हात केला. "माझं पान बघितलं मी. कोरं सोडलंय."

हे मी लिहिणार आहे आणि त्याआधी वकिलांना सांगणार आहे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "सांगा. तिच्यासमोर बोलायला जमलं नाही. आता ती नाही."

या सांगण्याचे वजन किती, हे मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिले. ग्रेगरी खरे बोलत असतील, तर पावणेआठला मोटार चालू होती आणि हाकेला उत्तर नव्हते. म्हणजे पास्कलने बंद केल्याची वेळ लिहिलीच नव्हती. मृत्यू पावणेसहा ते पावणेआठच्या दरम्यान येतो, आणि त्यातल्या सुरुवातीच्या मिनिटांत दामोदर अजूनही बसतो. ते खोटे बोलत असतील, तर घटनेच्या जागी आपण गेलो होतो हे ते स्वतःहून का सांगतील, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पंचनामा पुन्हा काढून वाचला. 'हौदाच्या पश्चिम बाजूस चिखल, पायांचे ठसे घेण्याजोगे नाहीत,' असे त्यात आहे. डिसेंबरात तिथे चिखल का होता, हे कोणी विचारलेले नाही. मोटार कोणी न पाहता चालू राहिली की हौद त्या बाजूने भरून वाहतो, असे चारही घरांतले लोक सांगतात. यातून दामोदर सुटत नाही. त्यानेच केले, हेही ठरत नाही.

वकील मुलीने सुनंदाला फोन करून हे कळवले. सुनंदाने सगळे ऐकून घेतले. मग तिने एवढेच विचारले की बाईंनी ती दुसरी वेळ लिहून दिली असती तर आता काय झाले असते. वकील मुलीने काय उत्तर दिले, ते तिने मला सांगितले नाही. मी विचारले नाही.

बाईंच्या प्रतिज्ञापत्रावर सरकारी पक्षाने हरकत घेतली आहे. ते देणारी व्यक्ती हयात नसल्याने तिची उलटतपासणी घेता येणार नाही, असे म्हणणे मांडले गेले आहे. त्यावर निर्णय झालेला नाही. गेल्या सोमवारी ग्रेगरी लोपीस सुनेबरोबर वसईला आले आणि नोटरीपुढे त्यांनी स्वतःचे प्रतिज्ञापत्र दिले. मोटार आपण बंद केली, वेळ अंदाजे पावणेआठ, असे त्यात आहे. दारावर त्या वेळी काय लिहिले होते, या प्रश्नापुढे त्यांनी 'पाहिले नाही' असे लिहिले आहे.